पॉइंट टू-टू रायफलचं बॅरल कसं साफ करावं: साधनं, क्रम आणि पावसाळ्यातली काळजी

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्यात जाऊन बसणारी गोळी साधारण ५.६ मिलिमीटरची. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, म्हणजे एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचीही किंमत मोजावी लागते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (पालथं पडून नेम धरायच्या प्रकाराचं) विश्वविजेतेपद मिळवलं. १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकाराचं) कांस्य ४५१.४ गुणांवर घेतलं. तेव्हापासून पॉइंट टू-टूकडे, म्हणजे ०.२२ इंची रायफलीकडे, वळणारी मुलं रेंजवर जास्त दिसू लागली आहेत. बहुतेकांची सुरुवात क्लबच्या किंवा कुणाकडून तरी हातात आलेल्या रायफलवर होते. नेम कसा धरायचा, श्वास कुठे थांबवायचा हे त्यांना शिकवलं जातं. बॅरल कसं साफ करायचं हे मात्र ज्याने त्याने इकडूनतिकडून ऐकलेलं असतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. पॉइंट टू-टूची बॅरलं गोळ्या झाडून फारशी झिजत नाहीत. शिसं मऊ असतं, दाब कमी असतो, त्यामुळे हजारो गोळ्या गेल्या तरी आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, शाबूत राहतात. ती बिघडतात दोन कारणांनी: वाईट सळईने चुकीच्या बाजूने केलेली घासाघीस, आणि न पुसता सर्द हवेत ठेवून दिल्यामुळे धरलेला गंज. पहिलं कारण जगभर सारखंच आहे. दुसरं आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणात, फार मोठं आहे. या दोन्हींतून बॅरल कसं वाचवायचं, ते आता क्रमाने बघू.

आत नेमकं काय साठतं

सामन्यात वापरतात त्या पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसाच्या गोळीवर तांब्याचं आवरण नसतं. ती उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा चरबीचा पातळ थर असतो. काडतुसाच्या कडेत ठासलेल्या पेटत्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं आणि बहुतेक मसाल्यांत घर्षणासाठी बारीक काचेची पूडही मिसळलेली असते. गोळी सुटली की या सगळ्यांचे अवशेष मागे राहतात: मेण, दारूची काजळी, शिशाचा पातळ थर आणि काचेचे कण.

मेणाचा थर वाईट नसतो. उलट दर गोळीला तोच थर सारखा मिळाला तर ग्रूप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, जमतो. म्हणूनच घासूनपुसून लख्ख केलेलं बॅरल पहिल्या काही गोळ्या हव्या तिथे टाकत नाही. आतली परत पुन्हा बसेपर्यंत गोळ्या थोड्या इकडेतिकडे जातात. काजळी आणि काचेचे कण मात्र चेंबरच्या (काडतूस बसतं त्या मागच्या जागेच्या) पुढे, जिथे पुंगळीचं तोंड संपतं आणि आटे सुरू होतात, तिथे साठत जातात आणि दाब-उष्णतेने कडक होतात. दुर्लक्ष झालं तर तिथे काळं, टणक कडं तयार होतं. त्याला कार्बन रिंग म्हणतात. पॉइंट टू-टूमध्ये ग्रूप अचानक फुटायला लागण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि वरवर चिंधी फिरवून ते कडं निघत नाही.

तांबं काढणारी अमोनियायुक्त औषधं मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी असतात. इथे गोळीला तांबंच नाही, तेव्हा त्यांची गरज नाही. दुकानदार तीच बाटली पुढे करतो म्हणून घेऊ नका.

जपायच्या दोन जागा

बॅरलच्या दोन्ही टोकांना नाजूक जागा आहेत. मागची म्हणजे आत्ताच सांगितलेला चेंबरपुढचा भाग. गोळी इथे आट्यांत शिरते आणि इथे ओरखडा पडला तर ती सुरुवातीलाच तिरकी होते. पुढची म्हणजे मझलची, अर्थात बॅरलच्या पुढच्या तोंडाची, कड, जिला क्राउन म्हणतात. गोळी बॅरल सोडते त्या क्षणी मागचा गॅस तिच्याभोवती चहूबाजूंनी सारखा सुटला पाहिजे. एका बाजूला कड बोथट झाली की गॅस तिकडून आधी सुटतो आणि गोळीला धक्का बसतो. आट्यांची खोली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. एवढ्या बारीक कामावर सळई एकाच जागी रोज घासली तर काय होईल, ते ओळखायला भिंग लागत नाही.

म्हणून साफसफाई नेहमी मागून पुढे करायची. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढायचा, सळई चेंबरच्या बाजूने घालायची आणि मझलमधून बाहेर काढायची. ज्या रायफलींचा बोल्ट निघतच नाही, त्यांच्यासाठी ओढायची दोरी वापरा. मझलमधून सळई घालणं हा शेवटचा उपाय आहे, आणि तेव्हाही मझलवर बसणारं पितळी किंवा प्लास्टिकचं गाइड लागतंच.

साधनं

पैसे मर्यादित असतील तर सगळ्यात आधी सळईवर खर्च करा, मग बोअर गाइडवर. औषधांच्या बाटल्या नंतर.

सळई एकसंध हवी. तीन तुकडे जोडून होणाऱ्या अॅल्युमिनियमच्या सळया स्वस्त किटमध्ये येतात. त्या घेऊ नका. अॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे काचेचे कण आणि धूळ त्यात रुतून बसते आणि ती सळई पुढे आट्यांवर कानस फिरवल्यासारखी चालते. शिवाय जोडाच्या कडा चेंबरला खरचटतात. प्लास्टिकचा लेप असलेली पोलादी सळई किंवा कार्बन फायबरची सळई घ्या. काही जण नुसती स्टेनलेस स्टीलची वापरतात. ती सरळ आणि स्वच्छ असेल तर चांगलीच असते. जाडी पॉइंट टू-टूसाठीचीच हवी, कारण बारीक सळई वाकून मध्येच बॅरलला टेकते. मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी, म्हणजे चिंधी आट्यांबरोबर आपोआप वळते. या काडतुसाच्या बहुतेक बॅरलमध्ये आटे १६ इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. सळई फिरली नाही तर ब्रशचे तार आट्यांवरून आडवे घसटतात आणि सफाई अर्धवट होते. लांबी घेताना बॅरलबरोबर मागच्या अॅक्शनची (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाची) आणि बोअर गाइडची लांबीही धरा.

बोअर गाइड म्हणजे बोल्टच्या जागी बसणारी नळी. ती सळईला बॅरलच्या बरोबर मध्यात ठेवते आणि औषध ट्रिगरमध्ये गळू देत नाही. गाइड तुमच्या मॉडेलचंच घ्या. अॅन्शुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ यांच्या अॅक्शनचे व्यास वेगळे असतात आणि ढिलं गाइड असून नसल्यासारखं.

सळईच्या टोकाला लावायचा जॅग पितळी, टोकदार प्रकारचा घ्या. त्याच्या टोकाने चिंधी मधोमध धरली जाते आणि मझलबाहेर गेली की आपोआप गळून पडते. सुईच्या नाकासारखं भोक असलेल्या जॅगमध्ये चिंधी एका बाजूला गोळा होते, म्हणून मी तो कुणाला सुचवत नाही.

चिंध्या फ्लॅनेलच्या किंवा जाड सुती कापडाच्या असाव्यात. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती बनियनच्याही चालतात. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड काही शोषत नाही. साधारण इंचभराचा चौकोन कापून बघा. सळई ढकलताना एकसारखा, बऱ्यापैकी जोर लागला पाहिजे, पण तळव्याने ठोकायची वेळ येता कामा नये. घट्ट वाटली तर कडेने कातरा. एकदा माप जमलं की त्याच मापाच्या चिंध्यांचा डबा भरून ठेवा. युरोपातले नेमबाज चिंधीऐवजी दाबलेल्या फेल्टचे छोटे बोळे वापरतात, ते त्यासाठीच्या खास जॅगवर बसतात. ते बॅरलच्या पूर्ण घेराला टेकतात आणि काम सुरेख होतं, पण इथे सहज मिळत नाहीत आणि महाग पडतात. चांगली चिंधी पुरेशी आहे.

ब्रश दोन हवेत: एक नायलॉनचा, एक फॉस्फर ब्राँझचा. स्टीलच्या तारांचा ब्रश बॅरलजवळही आणू नका. ब्राँझचा ब्रश खरं तर उपभोग्य वस्तू आहे. त्याचे तार वाकले की टाकून द्यायचा.

औषध म्हणून शिसं आणि काजळी या दोन्हींवर चालणारं साधं बोअर सॉल्व्हंट घ्या. ते नसेल तर चांगलं पातळ गन ऑइलही रोजच्या कामाला पुरतं. खोबरेल, सरसू, एरंडेल ही तेलं वापरू नका. वनस्पतीजन्य तेल हवेत हळूहळू चिकट होतं आणि त्याची रोगणासारखी परत बसते. रॉकेलने मळ सुटतो, पण मागे संरक्षण काहीच राहत नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल मात्र अडीअडचणीला बाहेरून पुसायला चालतं.

इंटरनेटवर शिसं काढायला व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून बॅरलमध्ये भरायची एक कृती फिरते. ती अजिबात करू नका. त्यातून शिशाचं पाण्यात विरघळणारं विषारी क्षार तयार होतं, आणि ते मिश्रण पोलादही खातं.

हात लावण्याआधी

बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. काडतुसांची डबी टेबलावर नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवा. बोल्ट बाहेर काढा आणि मागून प्रकाश दिसतो का ते पाहा. पॉइंट टू-टू हे परवान्याचं हत्यार आहे. साफ करताना ती टेबलावर सोडून चहाला उठू नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

जागा हवेशीर असावी आणि जवळ शेगडी, उदबत्ती, सिगारेट काही नको, कारण सॉल्व्हंट पेट घेतं. नायट्राइलचे हातमोजे घाला. चिंधीवर येणारा तो करडा मळ शिशाचा असतो. आपण हाताने जेवतो, म्हणून सांगते: काम संपलं की आधी गार पाण्याने आणि साबणाने हात नखांपर्यंत धुवा, मगच कशाला हात लावा. वापरलेल्या चिंध्या बंद पिशवीत घालून टाका.

थ्री पोझिशनच्या रायफलवर गालाचा तुकडा बोल्टच्या रेषेत वर आलेला असतो आणि सळई सरळ जाऊ देत नाही. तो काढावा लागतो. काढण्याआधी त्याची उंची आणि कोन खुणेने किंवा फोटो काढून नोंदवा, नाहीतर पुढच्या सरावाला तुमची पोझिशनच बदललेली असेल. मझलपुढे लांब ट्यूब बसवलेली असेल तर तीही खूण करून उतरवा. ट्यूबमध्ये मेण आणि काजळीचा भरपूर मळ साठतो, आणि ती बसवलेली असताना चिंधी मझलबाहेर आली की नाही हे दिसतच नाही.

रायफल स्टँडमध्ये किंवा टॉवेल गुंडाळून केलेल्या दोन आधारांवर ठेवा. मझल मागच्या भागापेक्षा किंचित खाली असू द्या, म्हणजे ओलावा पुढे वाहील, ट्रिगरकडे येणार नाही. सामन्याच्या रायफलचा ट्रिगर कोरडाच राहायला हवा. त्यात सॉल्व्हंट किंवा घट्ट तेल गेलं की खेच बदलते.

रोजची सफाई

शक्य असेल तर सराव संपल्यावर बॅरल कोमट असतानाच हे काम उरका. मेण मऊ असतं, अर्ध्या कष्टात निघतं.

बोअर गाइड बसवा. पहिली चिंधी सॉल्व्हंटने ओली करा, थबथबलेली नको. सळईला ती लावून एकाच संथ गतीत मागून पुढे ढकला. मूठ हलकेच धरा, सळईला तिची ती फिरू द्या. मझलमधून जॅग जेमतेम बाहेर येताच थांबा. चिंधी गळून पडेल. नसेल पडली तर बोटाने काढा, ती पुन्हा आत ओढू नका, कारण आत्ताच बाहेर काढलेला मळ तुम्ही परत आत नेता. आता जॅग क्राउनला आदळणार नाही अशा बेताने सळई हळू मागे घ्या. पितळ पोलादापेक्षा मऊ असलं तरी रोज रोज आदळलेली कड शेवटी बोथट होते. सळई बाहेर आली की पूर्ण लांबीभर कापडाने पुसा. हे दर फेरीला करायचं. कंटाळवाणं वाटतं, पण सळईवर चिकटलेला एक काचेचा कणही पुढच्या फेरीला ओरखडा काढतो.

दुसरी ओली चिंधी तशीच. मग पाच-दहा मिनिटं थांबा. या वेळात औषध काम करतं आणि तुम्ही बोल्ट पुसून घेऊ शकता. त्यानंतर कोरड्या चिंध्या एकामागून एक घाला. पहिली काळी येईल, दुसरी करडी, तिसरी-चौथी बऱ्यापैकी स्वच्छ. चिंधी पांढरीशुभ्र निघेपर्यंत घासत बसायची गरज नाही. फिकट करडी आली की थांबा.

रोजच्या कामात ब्रश लागत नाही. इथे बरेच जण माझ्याशी सहमत होणार नाहीत, पण ज्या बॅरलमध्ये दररोज दोन ओल्या आणि तीन कोरड्या चिंध्या जातात, तिथे शिसं साठायला वावच मिळत नाही.

ब्रशची सफाई

कोरड्या चिंधीवर शिशाचे चंदेरी, पापुद्र्यासारखे कण दिसले, किंवा चिंधी ढकलताना एखाद्या जागी अडखळल्यासारखी वाटली, तर ब्रशची वेळ आली समजा. अशी लक्षणं नसली तरी काही शे गोळ्यांनंतर एकदा ब्रश फिरवावा.

आधी ओली चिंधी घालून सुटा मळ बाहेर काढा. मग ब्राँझच्या ब्रशवर सॉल्व्हंटचे थेंब टाका, ब्रश बाटलीत बुडवू नका, नाहीतर सगळी बाटली घाण होईल. पूर्ण लांबी पार करून ब्रश मझलबाहेर येऊ द्या, मगच मागे घ्या. आतच दिशा उलटवली तर तार वळतात आणि ब्रश तिथे रुतून बसतो. मझलवरून ब्रश मागे घेताना क्राउनला किती धोका आहे यावर मतं वेगवेगळी आहेत. शंका नको असेल तर प्रत्येक वेळी ब्रश बाहेर उघडून काढा आणि सळई रिकामी मागे घ्या. वेळ लागतो, पण चांगल्या बॅरलसाठी मी तेच करते. दहाएक फेऱ्या पुरेत. त्यानंतर ओल्या, मग कोरड्या चिंध्या. ब्राँझच्या ब्रशनंतर चिंधीवर हिरवट-निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती ब्रशमधल्या तांब्याची असते.

चेंबर, बोल्ट आणि ते काळं कडं

चेंबरच्या कोपऱ्यात आणि पुंगळी ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत मेण आणि काजळीचा चिकट लगदा साठतो. तो काढायला स्क्रूड्रायव्हर किंवा खिळा घेऊ नका. पॉइंट टू-टूच्या चेंबरची कड फार नाजूक असते, कारण फायरिंग पिन काडतुसाच्या किनारीवर आपटते आणि तिला मागून आधार ही कडच देते. बांबूची काडी किंवा कान साफ करायची कापसाची काडी घ्या. बोल्टचं तोंड जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, आणि ज्या भागांवर चकाकत्या घर्षणाच्या खुणा दिसतात तिथेच तेलाचा नुसता स्पर्श द्या.

चेंबरपुढचं कडक कडं ओळखायचं कसं? सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे बोअरस्कोप. मोबाइलला जोडता येणारे आता परवडण्याजोग्या किमतीत मिळतात, चार-पाच जणांनी मिळून एक घ्यायला हरकत नाही. आट्यांच्या सुरुवातीला काळी, खडबडीत पट्टी दिसली की तेच ते. बोअरस्कोप नसेल तर लक्षणांवरून अंदाज येतो: नेहमीच्याच काडतुसावर बोल्ट लावायला जास्त जोर लागतो, आणि चांगल्या सुटलेल्या गोळ्यांतही मधूनच एखादी कारण नसताना लांब जाते.

उपाय शांतपणे करायचा आहे. नायलॉनचा ब्रश कार्बनवर चालणाऱ्या सॉल्व्हंटने ओला करून त्याच जागी नेऊन ठेवा, पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. मग ब्रशची दिशा न बदलता सळई हाताने जागच्या जागी गोल फिरवा. इथे फिरणारी मूठ कामाची नाही, सळई सरळ बोटांत धरा. चिंधीने पुसा, पुन्हा पाहा, गरज असेल तर पुन्हा करा. टणक कडं एका बैठकीत जात नाही आणि घाईने घासायची पेस्ट हाती घ्यावीशी वाटते. पेस्ट म्हणजे बारीक वाळूच, ती बॅरलचं पोलादही घासते. ते काम जाणत्या आर्मररकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे, सोपवा.

पावसाळा

युरोपातले कित्येक नेमबाज सांगतात की पॉइंट टू-टूला फार साफ करू नका, ग्रूप बिघडेपर्यंत हात लावू नका. कोरड्या, गरम केलेल्या इनडोअर रेंजवर ते खरं असेल. जून ते सप्टेंबर वरळीला, रत्नागिरीला किंवा गोव्यात राहणाऱ्याने तो सल्ला मानू नये. काजळी ओलावा धरून ठेवते आणि तिच्याखाली गंज सुरू होतो, जो बाहेरून दिसत नाही. बॅरल स्टेनलेसचं असेल तर धोका कमी होतो, संपत नाही.

या महिन्यांत सराव झाल्या दिवशीच चिंधी फिरवा, आणि शेवटी पातळ गन ऑइलची एक चिंधी, एवढी हलकी की आत बघितल्यावर तेल दिसू नये, फक्त चमक दिसावी. दोन-तीन दिवसांच्या वर रायफल पडून राहणार असेल तर ही तेलाची परत हवीच. एसी लावलेल्या रेंजमधून किंवा गाडीतून बाहेर दमट हवेत आलात की थंड पोलादावर लगेच दव धरतं, आतूनही. अशा वेळी घरी पोहोचल्यावर केस लगेच उघडा, रायफल पंख्याखाली अर्धा तास ठेवा, मग तेल लावा.

केसमधला फोम ओलावा शोषून घेतो आणि धरून ठेवतो. फोमच्या बंद केसमध्ये रायफल पावसाळाभर ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. परवान्याच्या अटींनुसार कुलूपबंद कपाटात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. त्यासाठी वेगळा तवा ठेवा, पोळ्यांचा नको. मझल खाली करून ठेवलीत तर तेल ट्रिगर आणि दस्त्याकडे उतरणार नाही. कोकणात समुद्राजवळ राहत असाल तर आठवड्यातून एकदा बाहेरून तेलकट कापड फिरवा. घामाने ओला झालेला हात जिथे जिथे लागतो, तिथे पहिला डाग येतो.

दोरी, एअर रायफल आणि जुनी थ्री-नॉट-थ्री

एनसीसीत सफाई शिकलेल्यांना पुल-थ्रूची सवय असते. वजनाची दोरी चेंबरमधून सोडायची आणि चिंधी मझलमधून ओढून काढायची. दोरीला तीन फास असतात: एक जाळीसाठी, एक चिंधीसाठी आणि तिसरा आत काही अडकलंच तर उलट ओढायला. हे चांगलं, साधं साधन आहे, फक्त दोरी सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढली की ती मझलच्या कडेवर घासते, आणि लष्करी रायफलींच्या मझलवर दोरीने पडलेल्या खाचा हा ओळखीचा दोष आहे. आजच्या बोअरस्नेकलाही हाच नियम, शिवाय तो धुऊन वाळवत राहावा लागतो, नाहीतर कालचा मळ आज परत आत जातो.

१० मीटर एअर रायफलमध्ये दारूच नाही, त्यामुळे सॉल्व्हंट आणि ब्राँझचा ब्रश दोन्ही वर्ज्य. सॉल्व्हंटने रबरी सील खराब होतात, आणि स्प्रिंगच्या एअरगनमध्ये तेल गेलं तर दाबाने पेट घेऊन धक्का बसू शकतो. फेल्टच्या सफाईच्या गोळ्या चेंबरमध्ये घालून झाडल्या की झालं. ग्रूप बिघडत नसेल तर तेवढंही वारंवार करू नका.

जुन्या थ्री-नॉट-थ्रीची, म्हणजे ०.३०३ इंची लष्करी रायफलीची, गोष्ट उलटी आहे. तिच्या जुन्या काडतुसांच्या मसाल्यातून मिठासारखं पोटॅशियम क्लोराइड बॅरलमध्ये राहायचं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि रातोरात गंज धरतो. तेलाने ते विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून फौजेत उकळतं पाणी बॅरलमधून ओतायची पद्धत होती. जुनं लष्करी काडतूस झाडलं असेल तर आजही हाच उपाय: आधी गरम पाणी, मग कोरडं, मग तेल. आजच्या पॉइंट टू-टूच्या काडतुसांना याची गरज नाही.

पुन्हा झाडण्याआधी

तेल लावलेलं बॅरल तसंच झाडू नका. दोन कोरड्या चिंध्या फिरवा आणि आरपार बघा. आत चिंधीचा तुकडा किंवा फेल्टचा बोळा राहिला असेल तर तो सळईनेच काढायचा, गोळी झाडून कधीच नाही. अडकलेल्या बॅरलमध्ये गोळी झाडली तर बॅरल फुगतं किंवा फाटतं आणि ती इजा मोठी असते. सळई चिंधीसकट अडकली तर ठोकू नका, दोन्ही बाजूंनी सॉल्व्हंट सोडा, वाट बघा, मग मूठ धरून मागे ओढा.

पहिल्या गोळ्या सायटरवर (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या टार्गेटवर) टाका आणि ग्रूप कधी स्थिरावतो ते टिपून ठेवा. काही बॅरलं पाच-सहा गोळ्यांत जागेवर येतात, काहींना पंधरा-वीस लागतात. आपल्या बॅरलचा आकडा माहीत असला की सामन्याच्या आदल्या दिवशी ब्रश फिरवायचा की नुसती चिंधी, हे ठरवता येतं. मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री मी ब्रशला हात लावू देत नाही.

आणि सफाई व्यवस्थित होऊनही ग्रूप जमत नसेल तर आणखी घासू नका. आधी अॅक्शनचे दोन्ही स्क्रू नेहमीच्या ताणाला आहेत का बघा, मग सायटचे (नेम धरायच्या साधनाचे) स्क्रू, मग काडतुसांचा लॉट बदलून बघा. हे सगळं ठीक निघालं तर मझल भिंगाखाली धरून क्राउनची कड पूर्ण घेरभर तपासा. कापसाची काडी कडेवरून फिरवा, एखाद्या जागी तंतू अडकले तर तिथे बारीक कंगोरा आहे. क्राउन नव्याने कापून घेणं हे लेथवरचं तासाभराचं काम आहे आणि त्यासाठी बॅरल बदलावं लागत नाही, पण ते परवानाधारक आर्मररकडूनच करून घ्या.